चांदबीबीला तिच्याच माणसांनी का मारलं?

नमस्कार. प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय की ते मुलांना घेऊन नगरचा भुईकोट किल्ला पाहून आले. परतीच्या वाटेवर मुलीनं गाडीत विचारलं, "बाबा, चांदबीबी एवढी शूर होती तर तिला तिच्याच माणसांनी का मारलं? ती खरंच मोगलांना मिळाली होती का? आणि मग ती स्वतःच राणी का नाही झाली?" बाबांना उत्तर देता आलं नाही, म्हणून त्यांनी इथे विचारलं. मुलीला माझी शाबासकी सांगा. चांदबीबीबद्दल विचारण्यासारखे तीनच प्रश्न असतील तर ते हेच आहेत.

मी मध्ययुगीन दख्खनचा इतिहास शिकवते, पंचवीसेक वर्षं झाली. फारसी उशिरा शिकले आणि अक्षरं लागायला लागल्यावर सगळ्यात आधी चांदबीबीचीच पानं काढली, कारण लहानपणी ऐकलेली गोष्ट आणि पुस्तकात छापलेली गोष्ट यांच्यामध्ये काहीतरी राहून गेलंय असं मला नेहमी वाटायचं. त्या वाचनातून जे हाती लागलं ते सांगते.

आधी थेट उत्तर. चांदबीबी म्हणजे नगरच्या निजामशाही घराण्याची मुलगी आणि विजापूरच्या सुलतानाची विधवा. १६०० च्या जुलै महिन्यात चांदबीबीनं किल्ला मोगलांना द्यायचं ठरवलं होतं, हे खरं आहे. आणि ती फितूर नव्हती, हेही खरं आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटतात, कारण आपण तिच्याकडे किल्लेदार म्हणून बघतो. किल्लेदाराचं काम किल्ला राखणं. तिचं काम वेगळं होतं. तिच्या हाती एक लहान मूल होतं, भावाचा नातू बहादूर, आणि त्या मुलाच्या नावानं चालणारं राज्य होतं. किल्ला हे ते मूल राखण्याचं साधन. साधन हातचं जातंय असं दिसलं तेव्हा तिनं मूल वाचवायचं ठरवलं. ज्यांना किल्ला म्हणजेच राज्य वाटत होतं त्यांनी तिला मारलं.

आता हे नीट उलगडून सांगते.

अल्पवयीन राजाच्या नावानं कारभार करणाऱ्या कुठल्याही बाईचा किंवा बाप्याचा इतिहास वाचताना मी एक साधी गोष्ट करते. वहीचं पान आडवं धरून चार रकाने आखते. तारीख, मूल कुठे आहे, राजधानीचा किल्ला कोणाकडे आहे, पेशवा, म्हणजे मुख्य कारभारी, कोण आहे. बस. लढाया, पदव्या, स्तुतीचे शेर, सगळं बाजूला ठेवते आणि ग्रंथातून हे चार रकाने भरत जाते. विद्यार्थ्यांनाही हेच करायला लावते. चांदबीबीचं पान असं भरलं की तिच्या आयुष्यातला एकच पेच पुन्हा पुन्हा समोर येतो. मूल तिच्याकडे, पण फौज हाकायला पुरुष सरदार लागतो. त्या सरदाराला ती पेशवा करते. पेशव्याच्या हाती फौज आली की त्याला मूलही हवंसं वाटू लागतं. मग त्याला आवरायला दुसरा सरदार लागतो. दुसराही काही महिन्यांत त्याच वाटेनं जातो. आयुष्यात चार वेळा हे तिच्या वाट्याला आलं, दोनदा विजापुरात आणि दोनदा नगरात.

पण त्याआधी तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे ती स्वतः तख्तावर का बसली नाही याचं, सांगून टाकते. दिल्लीला रझिया १२३६ मध्ये बसली होती, चार वर्षं टिकली. दख्खनमध्ये तसं घडलं नाही. खुत्बा (शुक्रवारच्या नमाजात घेतलं जाणारं राजाचं नाव) आणि नाण्यावरचा शिक्का पुरुष वारसाच्याच नावानं चालायचा. मात्र मुलाच्या नावानं बाईनं कारभार करायचा, ही वाट इथे चांगली रुळलेली होती. बिदरला १४६१ मध्ये हुमायूनशाह बहमनी वारला तेव्हा त्याची बेगम मखदूमा जहाँ हिनं आधी एका मुलाच्या आणि तो वारल्यावर दुसऱ्याच्या नावानं राज्य चालवलं. सोबतीला ख्वाजा जहाँ आणि महमूद गावान असे दोन मंत्री. त्यातला ख्वाजा जहाँ डोईजड झाला तेव्हा १४६६ मध्ये तिनं त्याला भर दरबारात संपवलं, आणि मुलगा हाताशी आल्यावर ती स्वतः कारभारातून बाजूला झाली. चांदबीबीच्या जन्माच्या ऐंशी-नव्वद वर्षं आधी हा वस्तुपाठ तयार होता.

आणि घरातला वस्तुपाठ तर आणखी जवळचा. चांदबीबीची आई खुंझा हुमायून. नगरचा सुलतान हुसेन निजामशाह, म्हणजे तिचा बाप, १५६५ मध्ये वारला तेव्हा मुलगा मुर्तजा गादीवर बसला आणि कारभार आईनं हाती घेतला. आपल्या भावांना, ऐनुल्मुल्क आणि ताजखान यांना, तिनं मोठी पदं दिली. चार-पाच वर्षांत मुर्तजानंच सरदारांना हाताशी धरून आईला कैदेत टाकलं.

या आईचं काय झालं ते पुण्यात बघायला मिळतं. भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाची फारसी पोथी आहे. आफताबी नावाच्या कवीनं हुसेनशाहाच्या स्तुतीपर लिहिलेलं काव्य, आणि त्यात बारा चित्रं. राजा तख्तावर बसलाय, शेजारी बेगम. म्हणजे बसली होती. बहुतेक चित्रांमध्ये तिच्या आकृतीवर नंतर रंग फासलाय. मी ती पानं पहिल्यांदा पाहिली तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटवेना. राजाचा हात अजून तिच्याकडे वळलेला, दासी पूर्वीच्याच जागी उभ्या, आणि मधोमध बाईच्या आकाराचा एक मळकट डाग. कवितेत तिच्या रूपाचं वर्णन मात्र तसंच राहिलंय. कारभार हातातून गेलेल्या बाईचं दरबार काय करतो, ते या एका डागात दिसतं. चांदबीबी या आईची मुलगी. आई कैदेत गेली तेव्हा ती विजापुरात नांदत होती, वय वीसच्या आत-बाहेर.

विजापूरचं लग्न राजकारणातलं होतं. विजयनगरच्या रामरायाविरुद्ध सुलतान एकत्र येत होते. त्या सोयरिकीत हुसेनशाहाची मुलगी चांद ही विजापूरच्या अली आदिलशाहाला दिली, आणि अलीची बहीण मुर्तजाला केली. ज्या सोलापूरच्या किल्ल्यावरून दोन घराणी वर्षानुवर्षं भांडत होती, तो चांदबीबीबरोबर हुंड्यात गेला. पुढे जानेवारी १५६५ ची तालिकोटची लढाई झाली, ती सगळ्यांना माहीत आहे. विजापुरात शहापूर वेशीजवळ अलीनं १५७९ मध्ये बांधलेली चांद बावडी आजही आहे. ती तिच्याच नावाची.

बावडी बांधून झाली आणि दुसऱ्याच वर्षी, १५८० मध्ये, अलीचा खून झाला. मूलबाळ नव्हतं. पुतण्या इब्राहीम, वय नऊ, तख्तावर बसला आणि त्याचा सांभाळ चांदबीबीकडे आला. कारभारी कामिलखान दख्खनी. दोन-तीन महिन्यांतच कामिलखान बेगमेशी उद्धटपणे वागू लागला. तिनं हाजी किश्वरखानाला उठवलं, कामिलखानाचं डोकं उडवलं गेलं. मग किश्वरखान कारभारी. त्याचंही तेच. फरक एवढाच की तो पुढचा डाव आधी खेळला. नगरचा सुलतान मुर्तजा हा चांदबीबीचा भाऊ. ती भावाला आतल्या खबरा पाठवते, त्याला विजापूरवर चाल करायला सांगते, असा ठपका ठेवून किश्वरखानानं तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत पाठवलं. आपला अजिंक्यतारा.

इथे जरा थांबा. हा ठपका लक्षात ठेवा, कारण वीस वर्षांनी तो पुन्हा येणार आहे. माहेरच्या राज्याशी संधान असल्याचा संशय हा परक्या घरातून आलेल्या बेगमेवर घ्यायला सगळ्यात सोपा. नंतर ती नगरला आली तेव्हा तिथल्या सरदारांना ती विजापूरची विधवा वाटायची, विजापूरची फौज मागवणारी. म्हणजे विजापुरात ती नगरची आणि नगरात विजापूरची. दोन्ही दरबारांत तिची म्हणून जी माणसं होती, ती त्या-त्या वेळेपुरतीच तिची राहिली.

किश्वरखान फार दिवस टिकला नाही. इखलासखान, हमीदखान, दिलावरखान हे हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाचे, सरदार उठले, तो पळाला आणि गोवळकोंड्याच्या मुलखात मारला गेला. चांदबीबी साताऱ्याहून परत आली. विजापूरला नगर आणि गोवळकोंड्याच्या फौजांनी घातलेला वेढाही याच धामधुमीतला. पुढे १५८२ मध्ये दिलावरखानानं इखलासखानाचे डोळे काढले आणि आठ वर्षं कारभार आपल्या मुठीत ठेवला. चांदबीबीच्या हाती मुलाला वाढवणं तेवढं राहिलं. पण त्या मुलानं ते लक्षात ठेवलं. हा मुलगा म्हणजे दुसरा इब्राहीम आदिलशाह. पुढे १५९७ पर्यंत नगरवर बाका प्रसंग आला, तेव्हा याच इब्राहीमनं आपली फौज पाठवली. सरदारांनी तिची साथ सोडली, पण तिनं वाढवलेल्या पोरानं तेव्हा सोडली नाही. तिच्या गोष्टीतला हा भाग क्वचितच कोणी सांगतं, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

आता नगर. १५८८ ते १५९५ या सात वर्षांत नगरच्या तख्तावर मुर्तजा मेला (मुलानंच मारला), तो मुलगा मीरान हुसेन वर्षभरात मारला गेला, मग इस्माईल आला, मग त्याचा बाप बुर्हान आला, एप्रिल १५९५ मध्ये तो वारला, आणि त्याचा मुलगा इब्राहीम चार महिन्यांत विजापूरकरांशी लढताना पडला. मागे राहिलं इब्राहीमचं तान्हं मूल, बहादूर. चांदबीबी त्याची आजीच लागते, आजोबांची बहीण.

माझ्या वहीतलं १५९५ च्या शेवटचं पान सगळ्यात गच्च भरलेलं आहे. वकील (म्हणजे राज्याचा कारभारी) मियाँ मंजू यानं बहादूरला बाजूला सारून अहमद नावाचा मुलगा निजामशाही घराण्यातला म्हणून तख्तावर बसवला, आणि बहादूरला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर कैदेत धाडलं. थोड्याच दिवसांत कळलं की अहमदचा घराण्याशी संबंध नाही. हबशी बिथरले. नगरच्या इखलासखानानं (हा विजापूरचा नव्हे) मोती नावाचं आणखी एक मूल पुढे केलं. अभंगखान हबशानं पहिल्या बुर्हान निजामशाहाचा म्हातारा मुलगा शाह अली याला विजापूरच्या बाजूनं आणलं. आणि चांदबीबी चावंडवरच्या बहादूरचा हक्क सांगत होती. एका राज्याला चार राजे. हबशी वरचढ होतायत असं दिसल्यावर मियाँ मंजूनं जे केलं त्याला मी अविचार म्हणते. त्यानं गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शाहजादा मुरादला, मदतीला बोलावलं. मोगल यायला निघाले तोवर त्याचं हबशांशी निभावून गेलं होतं. पण मोगल कुठे परत जातात? डिसेंबर १५९५ मध्ये मुराद आणि मोगल सेनापती खानखानान अब्दुर्रहीम नगरच्या वेशीवर आले. मियाँ मंजू अहमदला घेऊन औशाकडे निघून गेला आणि किल्ला अन्सारखानाच्या हवाली करून गेला.

मोगलांना बोलावण्याचं पाप कोणाच्या माथी मारायचं असेल तर ते इथे आहे, चांदबीबीच्या माथी नाही.

तिनं पहिलं काम काय केलं? मुहम्मदखान नावाच्या सरदाराकरवी अन्सारखानाला मारवलं आणि किल्ल्यात बहादूरच्या नावाची द्वाही, म्हणजे तोच राजा अशी दवंडी, फिरवली. मूल अजून चावंडवर, शत्रू वेशीशी, आणि तरी द्वाही त्याच्याच नावाची. हे कठोर होतं, रक्ताचं होतं, आणि शाळेच्या पुस्तकात ते येत नाही. मी ते लपवत नाही. पण त्या क्षणी किल्ला अन्सारखानाकडे राहिला असता तर तो कोणाच्या नावानं लढवायचा हेच ठरलं नसतं.

वेढ्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तरी एक दिवस जवळून सांगते. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले होते. मोगली छावणीतल्या ख्वाजा मुहम्मदखान शिराझी नावाच्या माणसानं आत खबर पोचवली. आतल्यांनी रात्रीतून उलटं खणत जाऊन दोन सुरुंगांतली दारू काढून टाकली. तिसऱ्यापर्यंत पोचत होते तेवढ्यात तो उडाला. फेब्रुवारी १५९६. तटाला मोठं खिंडार पडलं, खणणारे त्यात गेले, आणि तिथले बरेच सरदार पळायच्या बेतात आले. तेव्हा चांदबीबी चिलखत चढवून, तोंडावर बुरखा, हातात नंगी तलवार, अशी त्या खिंडारावर आली. इतिहासकार फरिश्ता हे लिहितो, आणि तो विजापूरच्या दरबारात होता. मुराद बाकीचे सुरुंग उडण्याची वाट बघत बसला, ते उडाले नाहीत, आणि त्यात दुपार गेली. हल्ला झाला तो दिवस कलल्यावर. अंधार पडेपर्यंत खंदकात माणसं पडत होती.

मला त्या लढाईपेक्षा रात्र महत्त्वाची वाटते. सैनिक दिवसभर लढून थकलेले, आणि ही बाई खिंडारापाशी उभी राहून दगड, माती, जे मिळेल ते रचून घेतेय. उजाडेपर्यंत खिंडार भरलेलं होतं. विद्यार्थ्यांना किल्ल्यावर नेते तेव्हा मी त्यांना खंदकाच्या काठावर उभं करते आणि तटाकडे बघायला सांगते. हुसेनशाहानं, म्हणजे तिच्याच बापानं, मातीचा कोट काढून हा दगडी तट बांधला. त्याला पडलेलं भगदाड मुलीनं एका रात्रीत बुजवलं.

मग तह. तिनं वऱ्हाड दिलं, मोगलांनी बहादूरला निजामशाह म्हणून मान्य केलं. काही मुलं वर्गात विचारतात, "एवढं लढून वऱ्हाड का दिलं?" हिशेब बघा. दोन्हीकडे धान्य संपत आलेलं. मुराद आणि खानखानान यांचं आपसात पटत नव्हतं. विजापूरचा सरदार सुहेलखान फौज घेऊन जवळ येत होता. म्हणजे दोघांनाही मिटवायचं होतं. आणि वऱ्हाड हे निजामशाहीचं मूळ घर नव्हतंच, १५७४ मध्ये मुर्तजानं इमादशाही बुडवून ते घेतलं होतं. बावीस वर्षांपूर्वी मिळवलेला सुभा देऊन तिनं राजधानी, मूल आणि त्या मुलाचा हक्क तिन्ही राखले. माझ्या मते तिच्या आयुष्यातला सगळ्यात पक्का निर्णय हा आहे, खिंडारावर उभं राहण्यापेक्षाही.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर पहिल्या वेढ्यानंतर चारही रकाने तिच्या बाजूनं भरलेले दिसतात. बहादूर चावंडहून नगरला आला, किल्ला तिच्याकडे, आणि पेशवा तिनं नेमलेला, तोच मुहम्मदखान.

आणि तिथूनच घसरण लागली. मुहम्मदखानानं नातेवाइकांना मोक्याच्या जागा दिल्या, अभंगखानासारख्यांना कैद केलं आणि बेगमेला बाजूला सारलं. तिनं विजापूरच्या इब्राहीमला लिहिलं. सुहेलखान पुन्हा आला आणि चार महिने नगरला वेढा घालून बसला, या खेपेला तिच्याच पेशव्याविरुद्ध. मुहम्मदखानानं खानखानानला पत्र पाठवलं. ते कळल्यावर किल्ल्यातल्या शिबंदीनं, म्हणजे राखणीच्या फौजेनं, त्यालाच धरून चांदबीबीच्या स्वाधीन केलं. मग अभंगखान पेशवा. पण मोगलांनी वऱ्हाडच्या हद्दीवरून पुन्हा कुरापत काढली आणि १५९७ च्या सुरुवातीला गोदावरीकाठी सोनपेठच्या बाजूला मोठी लढाई झाली. सुहेलखान शर्थीनं लढला, मोगलांकडून खानदेशचा राजा अलीखान पडला, तरी जय मोगलांचाच झाला.

त्यानंतर अभंगखानालाही मूल हवंसं झालं. चांदबीबीला कैद करून बहादूरला ताब्यात घ्यायचा त्याचा बेत तिला कळला. तिनं किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले. आत बेगम आणि बहादूर, बाहेर पेशवा आणि फौज. राज्याचे असे दोन तुकडे झाले ते शेवटपर्यंत जुळले नाहीत. तुमच्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे या बंद दरवाजात आहे. तिला कोणी मारलं हे नंतरचं. ती एकटी पडली ती इथे.

मे १५९९ मध्ये मुराद मेला. अकबरानं दुसरा मुलगा दानियाल याला पाठवलं आणि स्वतः बुऱ्हाणपूरला येऊन बसला. १६०० मध्ये दानियाल आणि खानखानान नगरवर आले. अभंगखान वाट अडवायला घाटात गेला, पण लढाई न देता सामान जाळून जुन्नरकडे निघून गेला. म्हणजे बाहेरची फौज संपली. या खेपेला सुहेलखान येत नव्हता. मोगलांच्या छावणीत भांडणं नव्हती, कारण बादशहा स्वतः बुऱ्हाणपुरात होता. १५९६ मध्ये ज्या गोष्टींनी तिला तारलं होतं, त्यातली एकही उरली नव्हती.

आता दुसरा प्रश्न, फितुरीचा. याचं उत्तर थोडंसं आपण कोणाच्या दप्तरात बसून वाचतो यावर अवलंबून आहे. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल त्या काळात स्वतः दख्खनमध्ये होता. तो लिहितो की चांदबीबीशी त्याची बोलणी चालू होती. अभंगखानाचा बंदोबस्त करा, बीड मला जहागीर द्या, मी किल्ल्याच्या किल्ल्या देते, अशी तिची तयारी होती. तो मोगलांचा माणूस, स्वतःची कामगिरी सांगणारा, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावं. फरिश्ता सांगतो ते असं: किल्ला टिकत नाही हे दिसल्यावर तिनं जीताखान नावाच्या अंमलदाराला बोलावून विचारलं. तिचं म्हणणं होतं की शिबंदीचे प्राण आणि चीजवस्तू वाचतील अशी अट घालून किल्ला द्यावा आणि बहादूरला घेऊन जुन्नरला जावं. जीताखान बाहेर पडला आणि ओरडत सुटला की बेगम मोगलांना मिळाली, किल्ला विकतेय. दख्खनी शिपायांचा जमाव तिच्या महालात घुसला आणि त्यांनी तिला मारलं.

दोन्ही हकिकती खऱ्या मानल्या तरी दोन्हींमध्ये तिचा हेतू मला एकच दिसतो. मुलाला सुखरूप बाहेर काढायचं. जहागीर बीडला मागितली काय किंवा जुन्नरला जायचं ठरवलं काय, तिला घराणं जिवंत ठेवायचं होतं. तिनं स्वतःसाठी मोगली मनसब, म्हणजे दरबारातला हुद्दा, मागितली असती, मूल त्यांच्या हवाली केलं असतं, तर मी तिला फितूर म्हटलं असतं. मला तसं दिसत नाही. आणि ज्या ठपक्यावरून किश्वरखानानं तिला साताऱ्याला पाठवलं होतं, तोच ठपका वीस वर्षांनी जीताखानाच्या तोंडी आला. पहिल्या वेळी कैद झाली, दुसऱ्या वेळी जीव गेला.

पुढचं लवकर घडलं. ऑगस्टमध्ये सुरुंगांनी तट उडाला आणि किल्ला पडला. आतल्या शिबंदीची कत्तल झाली, त्यात जीताखानही गेला. बहादूरला धरून ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर कैदेत पाठवलं. तिथून तो परत आला नाही.

मुलीला आणखी एक-दोन गोष्टी सांगायला हरकत नाही. पाथर्डी रस्त्यावर शहा डोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी इमारत आहे, जिला सगळं नगर चांदबीबीचा महाल म्हणतं, ती मुर्तजाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. नेटवर घोड्यावर बसून ससाणा हाती घेतलेल्या चांदबीबीची जी सुंदर चित्रं दिसतात, ती अठराव्या शतकातली, ती गेल्यावर शंभर-सव्वाशे वर्षांनी काढलेली. आईच्या चित्रावर दरबारानं रंग फासला. मुलीला मात्र लोकांनी महालही दिला आणि चित्रंही दिली. ऐकायला साधी वाटेल, पण शिकवताना ही जोडी मला दर वर्षी हलवून जाते.

शेवटी तिचा जुन्नरचा बेत चुकीचा होता का, हे नंतरच्या घटनांवरून बघा. अभंगखानाच्या फौजेतला एक हबशी सरदार वेढ्याच्या धामधुमीतून बाहेर पडला होता. त्यानं शाह अलीचा मुलगा शोधून काढला, परिंड्याला त्याला दुसरा मुर्तजा म्हणून तख्तावर बसवला, आणि पुढे राजधानी जुन्नरला नेली. तो सरदार म्हणजे मलिक अंबर. राजधानी गेली तरी घराण्यातला वारस हाती असेल तर निजामशाही उभी राहते, हे त्यानं दाखवलं आणि मोगलांना पंचवीस वर्षं झुंजवलं. त्यानंतर १६३३ मध्ये शहाजीराजांनी पेमगिरीवर तिसऱ्या मुर्तजाच्या नावानं तेच केलं. आपल्याकडे सांगतात की पोराला मांडीवर घेऊन ते तख्तावर बसले. निजामशाही संपली ती १६३६ मध्ये माहुलीवर, ते मूल मोगलांच्या हाती गेलं त्या दिवशी.

किल्ला तुम्ही पाहिलात. पुढच्या सुट्टीत मुलीला घेऊन चावंडला जा. जुन्नरहून नाणेघाटाच्या बाजूला आहे. वरच्या पायऱ्या उभ्या आहेत, रेलिंग धरून चढा, पावसाळ्यात मात्र नको. माथ्यावर खडकात खोदलेली सात टाकी आहेत, सप्तमातृका म्हणतात त्यांना. तिथे बसून मुलीला सांगा की ज्याच्यासाठी ही सगळी लढाई झाली ते मूल आधी इथे कैदेत होतं, आणि नगरात त्याच्या आजीनं त्याच्या नावाची द्वाही फिरवली होती.